रंगाच्या दुकानावरचा गट्टू

कपाळावर रुळणारी झुलपे, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात रंग ओघळणारा डबा, असा खोडकर मुलगा म्हणजे ‘गट्टू’ होय. घरगुती रंगांच्या जुन्या जाहिरात-पाट्यांवरील हे सर्वपरिचित चित्र व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये मुंबईच्या एशियन पेंट्स कंपनीसाठी रेखाटले. नावासाठी स्पर्धा घेण्यात आली आणि ५०० रुपयांचे बक्षीस ‘गट्टू’ हे नाव सुचवणाऱ्या दोन मुंबईकरांना विभागून मिळाले.

युद्धकाळातील आयातबंदीच्या पार्श्वभूमीवर १९४२ मध्ये चार मित्रांनी ही कंपनी सुरू केली होती. भुकटीच्या स्वस्त डिस्टेंपरचे पापुद्रे निघत आणि प्लास्टिक इमल्शन महाग पडे. या दोहोंमधली जागा धुता येणाऱ्या ‘ट्रॅक्टर डिस्टेंपर’ने घेतली. १९६७ पर्यंत कंपनी देशातील आघाडीची रंग उत्पादक बनली.

मराठवाड्यातील जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंतींना पांढरी माती किंवा चुना लावला जाई. ऑईलपेंटचा वापर मुख्यतः दारे-खिडक्यांसाठी आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी होई. कोणता रंग घ्यायचा, हे बहुधा रंगारीच ठरवी. अशा काळात औसा, निलंगा, उदगीर यांसारख्या बाजारपेठांत येणाऱ्या निरक्षर गिऱ्हाइकालाही डब्यावरचा मुलगा दाखवून हवा तो माल मागता येणे, हे या चित्राचे बळ होते.

दुकानावरील पाट्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या असत. एनॅमलच्या पाटीत लोखंडी पत्र्यावर काचेसारखा थर भट्टीत भाजून बसवलेला असतो. तिचा रंग उन्हात फारसा विटत नाही. गंज चढतो तो टवका उडालेल्या कडांना आणि खिळ्यांच्या भोकांना. छापील पत्र्याची पाटी हलकी व स्वस्त, पण लवकर फिकी पडणारी. जुन्या पाट्यांच्या नकलाही बाजारात येतात. सर्वत्र सारखाच पसरलेला गंज आणि झीज न झालेली भोके दिसल्यास शंका घ्यावी.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात औसा तालुक्यातील किल्लारीसह परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारोंचा बळी गेला. दगडमातीच्या भिंती कोसळल्या; अनेक गावे नव्या जागी सिमेंटच्या घरांत वसवली गेली. चुना आणि पांढऱ्या मातीचे ते जग असे एका पहाटेत ढासळले. पुढे २००२ मध्ये कंपनीने गट्टूलाही निरोप दिला. दुकानांचे नूतनीकरण होताना जुनी पाटी भंगाराच्या भावाने जाते आणि गावाच्या व्यापाराची एक खूण नाहीशी होते.

पाटी हाती लागल्यास ती कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, ओलीपासून दूर ठेवावी. तिच्यावर नवा रंग मात्र देऊ नये. रंगाची जाहिरात करणाऱ्या या पाटीचे मोल तिला रंग लावताच हरवते.