पंगतीतली जागा

स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत शेवटची ओळ आहे : 'कार्यक्रमानंतर सहभोजन.' हा शब्द आज आपण सहज छापतो. पण त्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्याच्या एका कोपऱ्यात माझी एक चूकही आहे.

पंगतीचे नियम आपल्या पिढीला घरातच मिळाले. केळीच्या पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाज्या उजवीकडे; मध्ये वरणभात. त्यावर तूप पडल्याशिवाय आणि यजमानांनी 'सावकाश होऊ द्या' म्हटल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा. शेजारच्याचे आटोपण्याआधी उठायचे नाही. वाढणाऱ्यालाही नियम होता : पंक्तिप्रपंच करायचा नाही. एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला थेंब, हे पाप.

पण ही समता पंगतीत बसलेल्यांपुरतीच होती. तिथे कोणी बसायचे, हे जात ठरवी.

याविरुद्ध मुंबईत 1849 मध्ये परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग हे तिच्या अग्रणींपैकी. सभासद गुप्तपणे जमत आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. 1860 मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटली आणि सभा मोडली. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळक होते. काही जण चहा प्याले, काहींनी यजमानांचा मान राखायला पेला नुसता हाती घेतला. गोपाळराव जोशी यांनी नावे छापून आणली, ग्रामण्य माजले आणि रानड्यांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुढे 1927 मध्ये डॉ. आंबेडकरांनी समाज समता संघ स्थापन केला. त्याने सहभोजने घडवली. अनंत हरी गद्रे यांनी तर झुणका-भाकरीचीच सहभोजने घातली.

शाळेत हे वाचून आम्ही त्या सनातन्यांना हसलो होतो. त्याच सुमारास, आठवीत असताना, आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या बहिणीच्या लग्नाला मी वाकोल्याच्या गावठाणात गेलो. घर ईस्ट इंडियन. घरात मराठी बोलणारी, साष्टीच्या मातीतलीच ही माणसे. 1887 मध्ये त्यांनी हे नाव घेतले, एवढेच. मांडवात गरमागरम फुग्या आल्या, बॉटल मसाल्याचा रस्सा आला. आमच्या घरी मासे चालत, मटण चालत. अडचण पदार्थाची नव्हती, घराची होती. 'त्यांच्याकडे पाणीसुद्धा पिऊ नकोस,' असे आजीने बजावले होते. मी 'पोट दुखतंय' म्हणून सांगितले.

मित्राच्या आईने मला एकदा नीट पाहिले. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन एक केळे घेऊन आल्या, न सोललेले, आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "हे चालेल ना, बाळा?" सालीच्या आतले केळे कोणाच्याही घरचे चालते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे माझ्यासारखे पाहुणे त्यांनी आधीही पाहिले होते. यजमानाचा शिष्टाचार त्यांनी पाळला, पाहुण्याचा मी मोडला. मित्राने शाळेत हा विषय कधी काढला नाही. मीही नाही.

पंचहौदच्या पाहुण्यांनी निदान पेला तरी हाती घेतला होता.

त्या बाई आता नाहीत. मित्र मात्र संमेलनाला येणार आहे, असे कळले. मित्रा, हे तू वाचशीलच. पंगतीत तुझ्या शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेव. तुझ्या घरून फुग्या आणता आल्या तर आण. या वेळी पोट दुखणार नाही.