तिसऱ्या रिचर्डचं कुबड आलं कुठून?

2012 साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका पार्किंगच्या जागेखाली सांगाडा सापडला. कवटीवर शस्त्रांचे घाव, पाठीचा कणा बाजूला वळलेला. पुढच्या फेब्रुवारीत लेस्टर विद्यापीठाने जाहीर केलं की हा राजा तिसरा रिचर्ड, 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला. पुराव्यांत कार्बन डेटिंग होतं, आणि त्याच्या बहिणीच्या मातृवंशातल्या हयात वंशजांशी जुळलेला मायटोकॉन्ड्रियल डीएनएही.

आम्हा विज्ञानवाल्यांचं लक्ष साहजिकच डीएनएकडे जातं. मी मात्र अडकले त्या कण्यापाशी. शेक्सपिअरचा रिचर्ड कुबडा आहे, एक हात वाळलेला, चाल लंगडी. सांगाडा काय सांगतो? हात धडधाकट, लंगडण्याची खूण नाही. कण्याला स्कोलिओसिस होता, तोही वयाच्या दहाव्या वर्षानंतर सुरू झालेला. यात कणा कडेला वळतो आणि एक खांदा उंच दिसतो. पुढे वाकलेलं कुबड ही वेगळी गोष्ट. नीट शिवलेल्या कपड्यांत तर हे फारसं लक्षातही आलं नसतं.

मग कुबड आलं कुठून? रिचर्डला हरवणारा सातवा हेन्री हा पहिल्या एलिझाबेथचा आजोबा. तिच्याच काळात, 1597 मध्ये, हे नाटक 'शोकांतिका' म्हणून छापलं गेलं. तोवर ट्यूडरकालीन इतिहासलेखकांनी रिचर्डचं शरीरच त्याच्या पापाचा पुरावा करून टाकलं होतं.

आता नटांची पंचाईत बघा. 1741 मध्ये डेव्हिड गॅरिक हा चोवीस वर्षांचा अनोळखी पोरगा या भूमिकेने लंडनमध्ये रातोरात गाजला. होगार्थने त्याला रंगवला तो लढाईच्या आदल्या रात्री भुतांच्या स्वप्नातून दचकून उठताना, म्हणजे घाबरलेला माणूस म्हणून. 1955 च्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए लांब नकली नाक लावून थेट कॅमेऱ्याशी बोलतो आणि आपल्याला कटात सामील करून घेतो. 1984 मध्ये अँटनी शेर दोन कुबड्यांवर कोळ्यासारखा रंगमंचभर धावला. इयन मॅकेलनने 1930 च्या दशकातला फॅसिस्ट हुकूमशहा उभा केला. तिथे भीती पाठीपेक्षा गणवेशाची वाटते.

प्रत्येकाला एकच प्रश्न सोडवावा लागतो: हा शरीरामुळे दुष्ट झाला का? सुरुवातीला रिचर्ड स्वतःच तसं सांगतो. आपण प्रेमाच्या लायकीचे नाही, म्हणून खलनायक व्हायचं ठरवलंय. पण गंमत अशी की, पुढच्याच प्रवेशात तो लेडी अ‍ॅनला वश करतो, आणि तिच्या नवऱ्याला नि सासऱ्याला यानेच मारलेलं असतं! त्याचं गृहीतक तिथेच कोसळतं. पुढे भर सभेत तो हात दाखवून 'हा चेटकामुळे वाळला' असा कांगावा करतो, आणि त्या निमित्ताने हेस्टिंग्जचा जीव घेतो. म्हणजे शरीर हे त्याच्या दुष्टपणाचं कारण नाही, तो ते बहाणा म्हणून आणि हत्यार म्हणून वापरतो. नटाने त्याच्यावर विश्वास ठेवला, तर प्रेक्षक घरी जाताना अपंगत्व आणि पाप यांची जुनी जोडी सोबत घेऊन जातो.

2022 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत ही भूमिका आर्थर ह्यूजने केली. त्याच्या उजव्या हातात जन्मापासून अपंगत्व आहे. त्याला नकली कुबड लावायची गरज नव्हती. त्यामुळे प्रेक्षकांना बघण्यासारखं एवढंच उरलं: हा माणूस एकेक खून ठरवून कसा करतो.