पळणाऱ्याची एक वाट

‘पळणाऱ्यास एक वाट, शोधणाऱ्यास बारा वाटा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. पळणारा दुबळा असला तरी आपण कोठे जाणार हे त्यालाच ठाऊक असते. मागे लागलेला कितीही बलाढ्य असो, प्रत्येक फाट्यावर त्याला थबकावे लागते, हे तिचे मर्म. परंतु जेथे झाडी नाही, दरी नाही, फाटा म्हणून नाही, अशा ठिकाणी या म्हणीचे काय होते? ग्रहांमधील पोकळीत एक यान दुसऱ्याच्या मागे लागले, तर दुबळ्याने आशा कशाची धरावी? हा प्रश्न मेजावरील खेळ रचणाऱ्या काही मंडळींनी मोठ्या चिकाटीने हाताळला. त्याचाच इतिहास आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे.

हे खेळ बुद्धिबळासारखे नव्हेत. चार-पाच मित्र मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होऊन प्रसंग मांडतो. जेथे निकाल अनिश्चित, तेथे फासे बोलतात. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने हा प्रकार रूढ केला. त्यातील पाठलाग भुयारांतून होई. दार लावून घेता येई, कोपऱ्याआड दडता येई. अवकाशात यांपैकी काहीच नाही.

अवकाशातील पाठलागाचे बीज मात्र एक वर्ष आधीच पडले होते. इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावच्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने १९७३ मध्ये ‘ट्रायप्लॅनेटरी’ हा खेळ काढला. मार्क मिलर आणि जॉन हर्शमन हे त्याचे कर्ते. नकाशावर पारदर्शक आवरण घालून त्यावर पेन्सिलीने यानाचा मार्ग रेखावयाचा. नियम न्यूटनचाच: मागल्या खेपेस यान ज्या दिशेने जितके गेले, तितकेच या खेपेसही जाणार. इंधन जाळले तर अखेरचा बिंदू एक घर इकडे वा तिकडे सरकविता येई, इतकेच. भरधाव निघालेल्याला चटकन वळता येत नाही, हे तत्त्व येथे खेळाडूच्या बोटांना कळू लागले.

मिलर यांनी १९७७ मध्ये ‘ट्रॅव्हलर’ हा भूमिकांचा खेळ सिद्ध केला. काळ्या पेटीत तीन लहान पुस्तिका. आणि पेटीवर चित्राऐवजी एक आर्त हाक. ‘बेओवुल्फ’ नावाचे व्यापारी यान सांगते आहे की, आमच्यावर हल्ला झाला आहे, मुख्य यंत्र बंद पडले आहे, हवा निसटते आहे, कोणी ऐकत असाल तर धावा. सारा खेळ असा एका फसलेल्या पलायनाच्या दाराने उघडतो.

हे पलायन का फसते, ते आकड्यांनी पाहू. या खेळात एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्यास यान ‘उडी’ घेते; पण सुखरूप उडीसाठी ग्रहापासून त्याच्या शंभर व्यासांइतके दूर जावे लागते. पृथ्वीएवढ्या ग्रहाचा व्यास १२,८०० किलोमीटर धरला, तर ही वेस १२ लाख ८० हजार किलोमीटरांवर पडते. लहान व्यापारी यानाचे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाइतकेच. त्याला वेशीपर्यंत पोहोचण्यास सुमारे १६,००० सेकंद, म्हणजे साडेचार तासांच्या आसपास लागतात. तिप्पट त्वरणाच्या लुटारूला ९,३०० सेकंदही लागत नाहीत. दोघे एकाच ठिकाणाहून निघाले, तर व्यापाऱ्याला सुमारे एक तास त्रेपन्न मिनिटांची आघाडी हवी. तेवढी असेल तर तो वाचला; नसेल तर वेशीच्या आतच गाठला गेला.

परंतु गाठणे वेगळे आणि पकडणे वेगळे. लुटारू वेशीच्या तोंडाशी व्यापाऱ्याजवळ येईल तेव्हा त्याचा वेग सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटरांनी जास्त असेल. तो तोफा डागील, पण तसाच पुढे निघून जाईल. माल लुटावयाचा तर दोन्ही वेग जुळले पाहिजेत, म्हणजे त्याने वाटेतच वेग आवरला पाहिजे. दुबळ्याची पहिली आशा अशी बलवंताच्या घाईत दडलेली आहे.

दुसरी आशा वेशीपलीकडे. उडी घेतली की सुमारे आठवडाभर यानाचा कोणाशीही संबंध राहत नाही आणि ते कोणत्या ताऱ्याकडे गेले हे मागच्याला कळत नाही. शिवाय या विश्वात यानाहून वेगाने बातमीही जात नाही. एका क्षणात पळणाऱ्याची वाट एक होते आणि शोधणाऱ्याच्या बारा. उघड्या मैदानात खोटी पडलेली म्हण वेशीवर पुन्हा खरी होते.

वेशीआधीच उडी घेतली तर? घेता येते, पण मग यान भलत्याच दिशेला फेकले जाण्याचे भय. किती दूर, ते फासे ठरवितात. एका पारसेकापासून छत्तीसपर्यंत, आणि पारसेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षे. लहान व्यापारी यानाजवळ इंधन एकाच उडीपुरते. तिकडे इंधन मिळाले नाही, तर लुटारूपासून वाचलेला माणूस अवकाशात हरवला. शिवाय त्याचा यंत्रगणकही तोकडा. उडीचे कार्यक्रम त्यात भरावयाचे, तर हुलकावणीचे काढून ठेवावे लागतात. निसटण्याच्या क्षणीच तो सर्वांत उघडा पडतो. मेजाभोवतीच्या मित्रांचा खरा वाद येथे पेटतो, कारण एकाच्या धाडसाची किंमत सर्वांना मोजावी लागते.

या रचनेत एक व्यावहारिक अडचण होती. १९८१ च्या आवृत्तीत मेजावरचा एक मिलिमीटर म्हणजे शंभर किलोमीटर. त्या हिशेबाने आपली वेस जवळजवळ तेरा मीटर दूर जाते! एवढी खोली कोणाच्या घरी असते? शिवाय चालक पट्टी घेऊन मोजमाप करीत असता बाकीच्यांनी काय करावे? १९८३ च्या ‘स्टार्टर ट्रॅव्हलर’ने पट्टी बाजूस ठेवून अंतराचे टप्पेच कल्पिले. त्याच वर्षी जेम्स बाँडवरील खेळात मोटारींच्या पाठलागासाठी लिलावाची पद्धत आली: अधिक कठीण कसरत पत्करण्याची बोली करील, त्याचा वरचष्मा. १९८७ च्या ‘स्टार वॉर्स’ खेळात उडीचे गणित घाईने उरकले, तर धोका वाढे. भूमितीची जागा हळूहळू मनाच्या कणखरपणाने घेतली.

यात लाभ झाला तशी हानीही झाली. खेळ चपळ झाला, प्रत्येकाच्या हाताला काम मिळाले. पण आपलाच वेग आपल्याला बांधून ठेवतो, हा पट्टीने शिकविलेला धडा पुसट झाला. ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ १९९६ मध्ये बंद पडली. ‘ट्रॅव्हलर’ मात्र टिकला. त्याच्या रचनाकारांनी पळणाऱ्याला अभय दिले नाही आणि पाठलाग करणाऱ्याला निश्चित विजयही दिला नाही. त्यांनी एक वेस आखली आणि तेथवर पोहोचण्याची संधी दुबळ्यालाही ठेवली. पाठलागाची गोष्ट ऐकताना आपला श्वास रोखला जातो, तो त्या संधीमुळेच.