गिनेस, ॲलेक

गिनेस, ॲलेक : (२ एप्रिल १९१४–५ ऑगस्ट २०००). इंग्रज नाट्य-चित्रपट अभिनेते. जन्म लंडनमध्ये. जन्मदाखल्यात वडिलांचे नाव नव्हते. काही काळ जाहिरातींचा मजकूर लिहिल्यावर ते रंगभूमीकडे वळले. नामवंत नट जॉन गिलगुड यांनी त्यांना हात दिला. १९३८ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहाच्या आधुनिक वेशातील प्रयोगात ते हॅम्लेट झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात काम केले.

दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ने (१९४६) त्यांची चित्रपट-कारकीर्द खऱ्या अर्थाने सुरू झाली. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील (१९४८) त्यांनी साकारलेल्या फॅगिन या ज्यू पात्राची रंगभूषा ज्यूंची विटंबना करणारी ठरून अमेरिकेतील प्रदर्शन लांबले. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) एकाच घराण्यातील आठ जण, त्यांत एक स्त्रीही, त्यांनी रंगवले. प्रत्येकाची चाल आणि नजर वेगळी. वेशांतराची करामत त्यामानाने दुय्यम. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधील (१९५७) कर्नल निकल्सन ही त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका म्हणता येईल : शत्रूसाठी बांधलेल्या पुलाच्याच प्रेमात पडणारा शिस्तप्रिय अधिकारी. तिला ऑस्कर मिळाले. १९५९ मध्ये ते ‘सर’ झाले.

‘स्टार वॉर्स’मुळे (१९७७) पैसा व नवी पिढी लाभली, तरी त्यातील संवाद त्यांना रुचले नाहीत. लीन यांच्याच ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये (१९८४) त्यांनी प्राध्यापक गोडबोले साकारले. मराठी आडनावाच्या या ब्राह्मणासाठी इंग्रज नट निवडल्याबद्दल टीका झाली, ती अनाठायी नव्हती. ससेक्समध्ये त्यांचे निधन झाले.