एडीएचडी : मुलींमधील (बालपण ते तारुण्य)

एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी निगडित, अवधान आणि आत्मनियंत्रण यांवर परिणाम करणारा विकार होय. लहान वयात मुलग्यांमधील त्याचे प्रमाण मुलींच्या साधारण दुप्पट दिसते; प्रौढपणी ही तफावत कमी होते. याचे एक मोठे कारण म्हणजे मुलींचे निदान उशिरा होते. बाकावरून सतत उठणारा मुलगा शिक्षकांच्या डोळ्यांत भरतो. फळ्यावरचे गणित अर्धेच उतरवून खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी मात्र कोणाला त्रास देत नाही. घरी तिला वेंधळी म्हणतात. चंचल मुलगी असेल तर ‘फार बडबडी’ म्हणून विषय संपतो.

वयानुसार होणारे बदल टिपणारा महत्त्वाचा अभ्यास कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ यांनी केला. 1997 ते 1999 या काळात 6 ते 12 वर्षांच्या 228 मुली पाच-पाच आठवड्यांच्या उन्हाळी शिबिरांत आल्या. त्यांतील 140 जणींना एडीएचडी होता, 88 जणी तुलनेसाठी होत्या. निदान कोणाचे झाले आहे, हे शिबिरातील निरीक्षकांना सांगितलेले नव्हते. पुढे याच मुलींची सुमारे 5, 10 आणि 16 वर्षांनी पुन्हा तपासणी झाली.

किशोरवयात धावपळ, उतावळेपणा ही उघड लक्षणे बरीच ओसरली. अवधानाच्या अडचणी अधिक चिवट निघाल्या. घरच्यांना वाटते, पोरगी सुधारली. हा समज धोक्याचा आहे. विशीच्या आसपास केलेल्या तपासणीत, लहानपणी अवधानन्यूनता व अतिचंचलता दोन्ही असलेल्यांपैकी 22 टक्के मुलींनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे आढळले. केवळ अवधानन्यूनता असलेल्यांत हे प्रमाण 8 टक्के, तर तुलनागटात 6 टक्के होते. स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण पहिल्या गटात 51 टक्के आणि तुलनागटात 19 टक्के होते. म्हणजे लहानपणी जिचा आवेग अधिक, तिच्याकडे मोठेपणी अधिक लक्ष हवे. पंचविशीच्या सुमारास अनियोजित गर्भधारणेतही मोठा फरक दिसला : बालपणी एडीएचडी असलेल्यांत सुमारे 43 टक्के, इतरांत सुमारे 11 टक्के.

कॉलेज, नोकरी, स्वतंत्र बिऱ्हाड सुरू झाले की आईने लावलेली शिस्त मागे राहते. गॅसचे बिल, फॉर्मची शेवटची तारीख, परतीचे तिकीट सगळे स्वतःच सांभाळायचे असते. तोवर रात्री जागून, दप्तर तीनतीनदा तपासून झाकलेली अडचण इथे उघडी पडते. अनेकींना आधी चिंता किंवा नैराश्य यांचेच निदान मिळते. ही दुखणी खरी असतातच, पण त्यांच्या मुळाशी असलेली अवधानाची अडचण तपासायची राहून जाते.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेने लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा 7 वरून 12 वर्षे केली आणि 17 वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी प्रत्येक गटातील सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली. उशिरा तपासणीस येणाऱ्या तरुणींना याचा लाभ झाला. बालपणीच्या लक्षणांचा मागोवा मात्र आजही घ्यावाच लागतो. त्यासाठी ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा असलेले शाळेचे जुने प्रगतिपुस्तक डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावे.