शिट्टी कोणाला बांधील? अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील पंचगिरी

अमेरिकेत मार्च महिना उजाडला की महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचे वेध लागतात. पुरुषांच्या या स्पर्धेत एकच पराभव संघाचा हंगाम संपवतो. अखेरच्या मिनिटात वाजलेल्या वा न वाजलेल्या शिट्टीवर विद्यापीठाची प्रतिष्ठा, प्रशिक्षकाचे भवितव्य आणि मोठी आर्थिक उलाढाल अवलंबून असते. तो निर्णय देणारे पंच मात्र नेमके कोणाला उत्तरदायी आहेत, हा प्रश्न या खेळात वर्षानुवर्षे चर्चिला जात आहे.

नेमणुकीची रीत

डॉ. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ निर्माण केला, तेव्हाच्या १३ नियमांत दोन पंच होते. एकाने खेळाडूंवर लक्ष ठेवायचे आणि दुसऱ्याने चेंडूवर. आज महाविद्यालयीन सामन्यात तीन पंच असतात. व्यावसायिक 'एनबीए'चे पंच त्या संघटनेच्या सेवेत असतात. महाविद्यालयीन पंचांची स्थिती तशी नाही. ते कोणाचेही पगारी नोकर नसून सामन्यागणिक मानधन घेणारे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. विद्यापीठांचे जे गट, म्हणजे 'कॉन्फरन्स', आहेत, त्यांचे पंच-समन्वयक नेमणुका करतात. एकच पंच अनेक गटांसाठी काम करतो. हंगामाच्या ऐन भरात तो आज एका शहरात, तर उद्या शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या शहरात उभा असतो. बऱ्याच जणांचा चरितार्थासाठी वेगळा व्यवसायही असतो.

नियम ठरवणे आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी पंच निवडणे हे काम 'एनसीएए' या मध्यवर्ती संघटनेकडे आहे. या स्पर्धेत पंचांचीही एक प्रकारे चाळणी होते. कामगिरी चांगली असेल तरच पुढच्या फेरीची नेमणूक मिळते. मात्र गुणांकन कसे झाले आणि कोणाला का वगळले, हे जनतेपुढे येत नाही. उत्तरदायित्व आहे, पण ते बंद दाराआड, अशी ही व्यवस्था आहे.

निर्णय अवघड का?

सर्वाधिक वाद होतो तो आक्रमक आणि बचावपटू यांच्या धडकेवरून. बचावपटू वेळेत जागेवर उभा असेल तर फाऊल आक्रमकाचा, अन्यथा बचावपटूचा. हा निवाडा पंचाला क्षणार्धात करावा लागतो. तो सोपा व्हावा म्हणून २०११-१२ च्या हंगामात बास्केटखाली तीन फुटांची कमान आखण्यात आली आणि २०१५-१६ मध्ये ती चार फुटांची झाली. २०२३-२४ पासून आक्रमकाने उडी घेण्यासाठी पाय रोवण्यापूर्वीच बचावपटू जागेवर असला पाहिजे, असा नियम आला. पाचव्या फाऊलला खेळाडू बाद होत असल्याने यातील प्रत्येक निर्णयाला मोल आहे.

पंचांच्या नकळत होणाऱ्या झुकावाचाही अभ्यास झाला आहे. २००४-०५ च्या हंगामातील ३६५ सामने तपासून काइल अँडरसन आणि डेव्हिड पिअर्स यांनी २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या संघाचे फाऊल कमी, त्याच्याविरुद्ध पुढची शिट्टी वाजण्याची शक्यता अधिक असते. पाहुण्या संघावर आणि आघाडीवरील संघावरही अधिक फाऊल दिले जातात, असे त्यांना आढळले. येथे अप्रामाणिकपणाचा आरोप नाही. दोन्ही बाजू समान ठेवण्याची आणि प्रेक्षकांच्या दडपणाला झुकण्याची मानवी प्रवृत्ती यातून दिसते.

गाजलेली प्रकरणे

मार्च २०११ मध्ये 'बिग ईस्ट' गटाच्या स्पर्धेत सेंट जॉन्सने रटगर्सवर ६५-६३ असा विजय मिळवला. १.७ सेकंद बाकी असताना सेंट जॉन्सचा खेळाडू चेंडू घेऊन नियमबाह्य पावले टाकत सीमारेषेबाहेर गेला, पण शिट्टी वाजलीच नाही. गटाने चूक जाहीरपणे मान्य केली आणि तिन्ही पंच उर्वरित स्पर्धेतून बाजूला झाले. निकाल मात्र कायम राहिला.

२०१३ चे प्रकरण अधिक गंभीर होते. 'पॅक-१२' गटाचे पंच-समन्वयक एड रश यांनी पंचांच्या बैठकीत अॅरिझोनाचे प्रशिक्षक शॉन मिलर यांना तांत्रिक फाऊल देणाऱ्यास किंवा मैदानाबाहेर काढणाऱ्यास बक्षीस देऊ केल्याचे वृत्त आले. ते केवळ विनोदाने बोलले, असा गटाचा दावा होता. परंतु मिलर यांना त्याच स्पर्धेत तांत्रिक फाऊल मिळाला होता आणि अॅरिझोनाने तो सामना दोन गुणांनी गमावला होता. रश यांना राजीनामा द्यावा लागला. ज्याने पंचांवर देखरेख करायची, त्याच्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न यातून पुढे आला.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. २०१७ मध्ये केंटकी संघ नॉर्थ कॅरोलिनाकडून ७५-७३ असा हरल्यावर पंच जॉन हिगिन्स यांच्या छपरे बसवण्याच्या व्यवसायावर संतप्त चाहत्यांनी धमक्यांचे दूरध्वनी आणि खोटे अभिप्राय यांचा भडिमार केला. हिगिन्स यांनी एका क्रीडा-प्रसारण संस्थेवर दावा लावला. पण ते प्रसारण भाषणस्वातंत्र्याच्या कक्षेत येते, असे ठरून २०२० मध्ये अपील न्यायालयातही तो फेटाळला गेला. जाब विचारणे आणि सूड घेणे यांतील रेषा किती पुसट आहे, हे या घटनेने दाखवले.

सुधारणांची दिशा

एनबीएने पंच टिम डोनाघी यांचे २००७ मधील सट्टेबाजी प्रकरण अनुभवले आणि पुढे २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल जाहीर करण्यास सुरुवात केली. महाविद्यालयीन स्तरावर अशी सर्वंकष पद्धत रुजलेली नाही. तेथे जाहीर टीका करणाऱ्या प्रशिक्षकाला दंड होऊ शकतो, पंचाचे मूल्यमापन मात्र गोपनीय राहते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सट्टेबाजीवरील केंद्रीय कायदा रद्द केल्यापासून अनेक राज्यांत पैजा कायदेशीर झाल्या आहेत. त्यामुळे ही गोपनीयता अधिकच खटकते.

काही पावले पडली आहेत. २०२२ मध्ये एनसीएएने महिला आणि पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतील पंचांना समान मानधन देण्याचे ठरवले. २०२४ च्या महिला स्पर्धेत एका पंचाने खेळणाऱ्या विद्यापीठातूनच पदव्युत्तर पदवी घेतल्याचे लक्षात येताच मध्यंतराला तिला बदलण्यात आले. २०२५-२६ पासून पुरुषांच्या सामन्यांतही प्रशिक्षकाला ठरावीक निर्णयांना आव्हान देता येते. चेंडू कोणाकडून बाहेर गेला, बास्केटमध्ये जाणाऱ्या चेंडूला बेकायदा अडथळा झाला का आणि मदतीला आलेला बचावपटू कमानीत होता का, यांचा त्यात समावेश आहे. आव्हानासाठी टाइमआऊट शिल्लक असावा लागतो.

फाऊल होता की नव्हता, हा मूळ प्रश्न मात्र या आव्हानाच्या बाहेरच आहे. तेथे कॅमेऱ्याऐवजी पंचाची नजर, प्रशिक्षण आणि सचोटी यांवरच विसंबावे लागते. म्हणूनच चूक झाल्यास ती उघडपणे मान्य करणारी आणि चुकणाऱ्या माणसाला झुंडीपासून वाचवणारी यंत्रणा आवश्यक ठरते. यांपैकी एकीचा अभाव असेल, तर दुसरीवरही विश्वास बसत नाही.