बर्नाऊची कामगारशाळा आणि ती बांधणारे विद्यार्थी



वास्तुविद्येसारख्या विषयावर बोलायला कामगार संघटनेतला माणूस उभा राहतो याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी आर्किटेक्ट नव्हे. माझे बरेचसे शिक्षण सार्वजनिक वाचनालयांत आणि गेट-मीटिंगांतच झाले. तरीही हा विषय मी चिटणिसांकडून मागून घेतला. वास्तुविद्येचे शिक्षण घेणारी मुले काय शिकतात, कशी शिकतात आणि कोणासाठी शिकतात या प्रश्नांचा इतिहास चाळताना मला एक प्रकरण असे सापडले, की ज्यात घर बांधून मागणारा यजमान कोणी संस्थानिक नव्हता, बँक नव्हती, सरकारही नव्हते. तो यजमान होता एक कामगार संघ, आणि त्याची इमारत उभारण्याच्या कामात एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी हात घातला होता.

ती शाळा म्हणजे जर्मनीतील बौहाउस. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, वॉल्टर ग्रोपिउस या वास्तुशिल्पज्ञाने ती वायमार गावी काढली. चित्रकार, सुतार, विणकर, लोहार यांनी एका छपराखाली शिकावे आणि या सगळ्या विद्यांचा मिलाफ इमारतीत व्हावा, असा तिचा उद्देश. १९२५ साली वायमारमधल्या राजकारणाने तिला तेथून उठवले आणि ती डेसाऊ या कारखान्यांच्या गावी आली. गंमत अशी की नावातच 'बांधणे' असलेल्या या शाळेत पहिली आठ वर्षे बांधकामाचा विभागच नव्हता! मुले खुर्च्या करीत, दिवे करीत, पडदे विणीत. घर बांधण्याचे रीतसर शिक्षण मात्र १९२७ च्या एप्रिलात सुरू झाले. त्या विभागाचा प्रमुख म्हणून स्वित्झर्लंडमधून हानेस मायर आला आणि पुढच्याच वर्षी तो साऱ्या शाळेचा संचालक झाला.

या मायरविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याचा जन्म १८८९ सालचा, बाझल शहरातला. बालपणाचा काही काळ अनाथाश्रमात गेला. आधी गवंडीकाम शिकला, मग नकाशे काढायला लागला. बाझलजवळ एका सहकारी संस्थेसाठी त्याने १९१९ ते १९२१ या काळात फ्राइडॉर्फ नावाची १५० घरांची वसाहत उभी केली होती. म्हणजे हा माणूस सहकारी चळवळीच्या अंगणातून आलेला. बांधणे ही कला नव्हे, ती जीवनाची व्यवस्था लावण्याची क्रिया आहे, असे तो ठासून सांगे. त्याचे हे म्हणणे मला पुरते पटत नाही, आणि त्याच्याच हातच्या इमारतीकडे पाहिले की त्यालाही ते पुरते पटले असेल असे वाटत नाही. परंतु या हट्टापायी त्याने विद्यार्थ्यांना जी सवय लावली ती मोलाची होती.

ती सवय अशी. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी त्या घरात राहणाऱ्या माणसाचा दिवस लिहून काढायचा. तो किती वाजता उठतो, कोठे धुतो, बाई स्वयंपाक करताना मूल कोठे असते, ऊन कोणत्या खिडकीतून कोणत्या महिन्यात किती आत येते, शेजारचा आवाज किती ऐकू येतो. एवढेच नव्हे, तर दाराशी येणाऱ्या पोस्टमनपासून धोबिणीपर्यंत, डॉक्टरपासून चोरापर्यंत प्रत्येकाशी घराचा काय संबंध पडतो, त्याचाही विचार करायचा. यातून तक्ते तयार व्हायचे, आणि तक्त्यांतून नकाशा. वर्गाची रचनाही निराळी होती. वरच्या वर्गातली मुले आणि नवशिकी मुले यांची एकत्र टोळी करायची आणि तिच्यावर खरे काम सोपवायचे. आमच्याकडे गवंड्याच्या हाताखाली बिगारी शिकतो, तसाच हा प्रकार, फक्त पेन्सिल हातात घेऊन.

या विद्यार्थ्यांपैकी एकाची हकीगत घेऊ. आरिए शारोन हा १९०० साली गॅलिशियातल्या एका गावी, आजच्या पोलंडात, जन्मला. १९२० साली तो पॅलेस्टाइनला गेला आणि गान श्मुएल या सामुदायिक शेतीच्या वसाहतीत राहिला. तेथे त्याने मधमाश्या पाळल्या, वसाहतीची बांधकामे पाहिली. १९२६ साली तो बौहाउसमध्ये दाखल झाला. सहा वर्षे मातीत काम केलेला हा गडी. आणि पहिल्याच सत्रात त्याला काय करायला लागले? योझेफ आल्बर्स या शिक्षकाच्या वर्गात कागद दुमडायला! आल्बर्स मुलांना साधा कागद देई आणि सांगे, यातून काहीतरी उभे करा, पण कागद वाया घालवू नका. कागदाला घडी घातली की तो उभा राहतो, भार पेलतो. साहित्याचा स्वभाव ओळखला की थोडक्यात पुष्कळ होते. हे शिक्षण दिसायला पोरखेळ, पण ज्याने कमी लाकडात पुष्कळ गोठे उभारायचे असतात त्याला त्याची किंमत लगेच कळत असणार.

आता मूळ प्रकरणाकडे येऊ. त्या काळी जर्मनीतील कामगार संघांचा सर्वांत मोठा महासंघ लाखो सभासदांचा होता. कार्यकर्त्यांना कामगारविषयक कायदा, अर्थशास्त्र, हिशेब आणि व्यवस्थापन शिकवण्यासाठी एक निवासी शाळा बांधावी असे त्याने ठरवले. जागा निवडली बर्लिनच्या उत्तरेला बर्नाऊ गावाजवळच्या पाइनच्या रानात. सहा वास्तुशिल्पज्ञांकडून योजना मागवल्या, त्यांत मोठमोठी नावे होती. काम मिळाले मायर आणि त्याचा भागीदार हान्स विटवर यांना. १९२८ च्या २९ जुलैला पायाचा दगड बसला आणि १९३० च्या ४ मे रोजी उद्घाटन झाले. बौहाउसच्या बांधकाम विभागातली मुले या कामावर होती आणि जागेवरची देखरेख मायरने शारोनवर सोपवली.

योजनेचे मर्म एका आकड्यात होते. एका वेळी १२० कामगार काही आठवड्यांसाठी येणार. १२० माणसांचा नुसता जमाव होतो; त्यात बुजरा माणूस हरवून जातो आणि बोलका माणूस पुढारी होतो. मायरला पेस्टालोत्सी या स्विस शिक्षणवेत्त्याचे 'लहान वर्तुळा'चे तत्त्व प्रिय होते. त्याने १२० जणांचे दहादहांचे बारा गट केले. एका खोलीत दोघे, एका मजल्यावर अशा पाच खोल्या, म्हणजे एक मजला हा एक गट. प्रत्येक गटाची ओळख रंगाने. ही राहण्याची दालने उतारावर एकापुढे एक सरकवून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत नेली आहेत आणि त्या साऱ्यांना जोडणारी एक लांबलचक काचेची वाट आहे. जेवायला जा, वर्गाला जा, त्या वाटेनेच जावे लागते. एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला रान. तेथे चालता चालता एका गटाचा माणूस दुसऱ्या गटाच्या माणसाला भेटतो. भिंती पिवळ्या विटांच्या, काँक्रीटच्या तुळया उघड्या, पाण्याच्या आणि उष्णतेच्या नळ्याही झाकलेल्या नाहीत. भोजनगृहाच्या छपरातून काचेच्या विटांमधून उजेड येतो.

येथे मला थोडे विषयांतर करू द्या. आमच्या संघटनेचे अभ्यासवर्ग मी अनेक वर्षे घेत आलो आहे. जागा म्हणजे सुटीच्या दिवशी मागून आणलेली एखादी प्राथमिक शाळा. सहा फुटी फिटर पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसतो आणि मी त्याला औद्योगिक विवाद कायदा समजावतो. तो ऐकतो, नाही असे नाही. पण त्या बाकावर बसल्याबरोबर तो आपोआप पहिलीतला मुलगा होतो. प्रश्न विचारायला हात वर करतो! बसण्याची जागा माणसाला त्याची पायरी सांगते, हे मला पुस्तकातून नव्हे, त्या बाकांवरून समजले. म्हणूनच बर्नाऊचे नकाशे पाहताना माझी नजर सजावटीवर न जाता त्या दहाच्या गटावर खिळली.

त्या सभागृहातल्या एका कापडाची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. वक्त्याचा आवाज घुमू नये ही अडचण होती. विणकाम विभागातली अँनी आल्बर्स हिने भिंतीसाठी असे कापड विणले की त्याची एक बाजू आवाज शोषून घेई आणि दुसरी, सेलोफेनच्या धाग्यांमुळे, उजेड परतवी. हे तिचे पदविकेचे काम ठरले. त्या शाळेत स्त्रियांना बहुधा विणकामाकडेच वळवले जाई, हा त्या पुरोगामी संस्थेवरचा डाग आहे. पण या विद्यार्थिनीने त्या कोपऱ्यात बसून एका सभागृहाचा प्रश्न सोडवला. कामगाराला भाषण नीट ऐकू यावे म्हणून पदविकेची परीक्षा!

याच सुमारास डेसाऊत ट्योर्टेन येथे विद्यार्थ्यांच्या टोळ्यांनी आणखी एक काम केले. पाच इमारतींत ९० बिऱ्हाडे, प्रत्येक मजल्याला उत्तरेकडून उघडा व्हरांडा, दक्षिणेकडे राहत्या खोल्या. प्रत्येक बिऱ्हाड पन्नास चौरस मीटरच्या आतले, पण त्यात स्वयंपाकघर, स्वतंत्र न्हाणी आणि उष्णतेची सोय. भाडे महिना साडेसदतीस मार्क. आपल्या चाळीलाही व्हरांडा असतोच. त्याच दशकात मुंबईत सरकारने बी.डी.डी. चाळी बांधल्या, तेथे एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली, म्हणजे पंधरा चौरस मीटर, आणि शौचकूप सामाईक. जर्मनी श्रीमंत आणि आपण गरीब, हे उत्तर पुरे पडत नाही. मुंबईच्या नकाशामागे भाडेकरूच्या दिवसाचा तक्ता नव्हता.

आता या कथेची दुसरी बाजू. बर्नाऊचे उद्घाटन होऊन तीन महिने होतात न होतात तोच, १९३० च्या १ ऑगस्टला, मायरला संचालकपदावरून काढण्यात आले. निमित्त काय? मान्सफेल्डच्या खाणकामगारांचा संप चालू होता, त्यांच्या मदतनिधीला शाळेतल्या डाव्या विद्यार्थ्यांनी हातभार लावला आणि मायरने स्वतःच्या खिशातून वर्गणी दिली. संपाला वर्गणी दिली म्हणून नोकरी जाणे ही गोष्ट आमच्या लोकांना काही नवी नाही. त्याच्या जागी मीस व्हान डेर रोहे आला आणि शाळेत शिस्त आली; काही विद्यार्थ्यांना निरोप देण्यात आला. मायर रशियाला गेला, त्याच्या मागोमाग त्याचे काही विद्यार्थीही गेले. त्यांतला फिलिप टोल्झिनर हा टोपल्या विणणाऱ्या बापाचा मुलगा. स्टालिनच्या राजवटीत १९३८ साली त्याला अटक झाली आणि त्याने दहा वर्षे श्रमछावणीत काढली. तो सुटला तरी. त्याच्या सोबत्यांपैकी काहींची तेथेच अखेर झाली. कामगारांचे राज्य बांधायला गेलेल्या पोरांचे हे झाले, आणि आपल्या चळवळीतल्या लोकांनी हे मोठ्याने म्हणायला फार उशीर लावला.

आणि यजमान संघाचे काय झाले? १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. महासंघाच्या पुढाऱ्यांनी सार्वत्रिक संप पुकारला नाही. उलट, संघटना वाचेल या आशेने त्यांनी सभासदांना सरकारने योजलेल्या १ मेच्या सोहळ्यात सामील व्हायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, नाझींच्या टोळ्यांनी देशभरच्या संघकचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना पकडले. बर्नाऊची शाळाही गेली. दहादहांच्या गटांसाठी बेतलेल्या त्या खोल्यांत पुढे नाझींचे लोक आणि हिटलरच्या सुरक्षा-पोलिसांचे उमेदवार शिकू लागले. कार्यकर्त्यांना कायद्याची कलमे शिकवणारी देखणी शाळा ज्या संघाने बांधली, त्याला हरताळाची हाक देण्याचे बळ मात्र गोळा करता आले नाही. यात विटांचा दोष नाही. पण इमारतीच माणूस घडवते असे म्हणणाऱ्या वास्तुशिल्पज्ञांनी बर्नाऊचे हे पान उलटून पुढे जाऊ नये, कारण त्याच काचेच्या वाटेने तेही चालले.

शारोन १९३१ साली पॅलेस्टाइनला परतला. तेल अवीवमध्ये त्याने कामगारांच्या सहकारी गृहसंस्थांच्या इमारती बांधल्या, मध्ये सामाईक अंगण ठेवून. १९४८ नंतर इस्रायलच्या सरकारी नगररचना खात्याचा तो प्रमुख झाला आणि साऱ्या देशाचा आराखडा त्याच्या हाताखाली तयार झाला. निर्वासित होऊन आलेल्यांसाठी त्या आराखड्यात नवी गावे होती. त्याच वर्षी परागंदा झालेल्या अरबांच्या जमिनीही त्यात होत्या. घरात राहणाऱ्याचा दिवस लिहून काढायला शिकलेल्या माणसाच्या तक्त्यात, तेथून उठवलेल्याचा दिवस आला नाही.

बर्नाऊची इमारत युद्धातून वाचली. पूर्व जर्मनीच्या काळात, १९९० पर्यंत, ती तेथल्या कामगार संघाकडे होती. त्यांनी तिला जोडइमारती बांधल्या, आतबाहेर पुष्कळ बदल केले. जर्मनी एक झाल्यावर ती काही काळ ओस पडली. पुढे बर्लिनच्या कारागीर मंडळाने तिचा जीर्णोद्धार हाती घेतला, भिंतींवरचे जुने थर खरवडून मूळचे रंग शोधून काढले, काचेची वाट पूर्ववत केली. या कामाला २००८ साली जागतिक स्मारक निधीचे पारितोषिक मिळाले. २०१७ साली युनेस्कोने बर्नाऊची शाळा आणि ट्योर्टेनच्या त्या ९० बिऱ्हाडांच्या व्हरांडाइमारती यांना जागतिक वारशाच्या यादीत एकदमच घेतले. ग्रोपिउसच्या डेसाऊतल्या प्रसिद्ध इमारती त्या यादीत १९९६ सालीच गेल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या हातच्या कामाला तेथे पोहोचायला आणखी एकवीस वर्षे लागली.